अठरा हात वायर

उज्वला बिरादारला सरकारी कामासाठी फोन मिळाला तेव्हा तो चांगला होता. चार वर्षांत त्याची बॅटरी फुगली, मागचं झाकण बसेना, आणि चार्जरची वायर काढली रे काढली की फोन मान टाकू लागला. चार्जरची वायर जेमतेम दोन हात. म्हणजे बोर्ड जिथं तिथं फोन, आणि फोन जिथं तिथं उज्वला, अशी तिची गत झाली होती.

देवणीपासून सात-आठ किलोमीटरवर धोंडेवाडी आहे. तिथल्या अंगणवाडीची ती सेविका. एक खोली, खोलीपुढं पत्र्याचं छप्पर, छपराला लोखंडी पाइपाचे दोन खांब आणि त्याखाली खिचडीची शेगडी. खोलीत बोर्ड होता, पंखाही होता, पण लाइट नव्हती. दीड वर्षामागं वादळात खांबावरून येणारी वायर तुटून पडली, ती परत कुणी जोडली नाही. लाइनमन आला, वर बघितलं, "अर्ज द्या" म्हणाला. उज्वलानं अर्ज दिला. मग दुसरा दिला, मग तिसरा. तिन्ही अर्जांच्या शिक्का मारलेल्या प्रती तिच्या पत्र्याच्या पेटीत होत्या.

लेकरं शिकवायला लाइट लागत नव्हती. गाणी अंधारात पण म्हणता येतात, असं ती हसून म्हणायची. पण त्या वर्षी चेहऱ्याचं काम आलं. गरोदर बायका आणि तान्ह्या लेकरांच्या आया यांनी फोनपुढं बसायचं, फोन सांगेल तेव्हा डोळे मिचकावायचे, चेहरा जुळला की नोंद पक्की. नोंद नसेल तर घरी न्यायचं आहाराचं पाकीट बंद.

फोन चालायचा तो फक्त गल्लीपलीकडं वीरण्णाच्या किराणा दुकानात. वीरण्णा भला माणूस. गळ्यात लिंग, कपाळाला विभूती, तोंडात कधी वाकडा शब्द नाही. त्यानं गल्ल्यामागचा बोर्ड उज्वलाला मोकळा करून दिला होता. पण दुकानापुढच्या फळीवर दिवसभर चार माणसं बसलेली असायची, आणि त्यांच्यासमोर डोक्यावरचा पदर मागं सारून, कान उघडे करून फोनपुढं बसणं गावातल्या सुनांना जमत नव्हतं. पुनमला सातवा महिना होता. ती तीनदा आली आणि तीनदा दारातूनच मागं फिरली.

"भाया बसलेत की तिथं," फळीवरच्या थोरल्या दिराकडं बघत ती उज्वलाच्या कानात म्हणाली. "मी न्हाई पदर काढत, बाई. पाकीट नको मला."

"अगं, तुझ्यासाठी हाय का ते? पोटातल्यासाठी हाय."

पुनम खाली बघत निघून गेली. तिचे हात किती वाळले होते ते उज्वलाला मागून दिसलं.

त्याच संध्याकाळी सुपरवायझर मंजुश्री मॅडमचा ग्रुपवर मेसेज आला. महिनाअखेरपर्यंत ज्यांचे चेहरे नोंदले जाणार नाहीत त्यांची नावं यादीतून जातील. उज्वलाच्या यादीत अकरा नावं उरली होती. बाया दुकानात येत नाहीत, तर मग दुकानातला करंटच इकडं आणावा, हे तिच्या मनात तेव्हाच आलं.

वायरीचं काम तिला नवं नव्हतं. तिचा नवरा श्रीमंत मंडप आणि साउंडचा धंदा करायचा. उदगीर, निलंगा, पार कर्नाटकातल्या गावांपर्यंत लग्नं करायचा. लगीनसराईत तो आणि त्याचे गडी कमी पडायचे, मग घरी बसून वायरी सोलायच्या, जोडायच्या, गुंडाळायच्या हे सगळं उज्वलाकडं. दातानं वायर सोलताना तिच्या पुढच्या दाताचा टवका उडाला तो तसाच राहिला. "दोन जोड समोरासमोर येऊ द्यायचे न्हाईत," श्रीमंत सांगायचा. "एक इथं, तर दुसरा चार बोटं पुढं. टेप सुटली तरी एकमेकाला शिवणार न्हाईत." चार वर्षांमागं छातीत कळ येऊन तो गेला. दिरानं स्पीकर नेले, मशिनं नेली. जुन्या वायरींचं एक पोतं तेवढं कुणी नेलं नाही.

गावातला वायरमन मल्लेश तेव्हा लातूरला इमारतीच्या कामावर होता. तिनं त्याला फोन लावला.

"वैनी, मला आठ-पंधरा दिवस न्हाई जमत बघा," तो म्हणाला. "मोबाइलला लई करंट लागत न्हाई, तुमी करताल. पण वायर घराची घ्या. स्पीकरची घेऊ नका, तिचं वरचं कव्हर पातळ राहतंय."

"हाव, कळतंय मला तेवढं," ती म्हणाली.

रविवारी दुपारी ती पोतं घेऊन उंबऱ्यात बसली. पोत्यात हात घातला तसा जुन्या रबराचा वास आला आणि क्षणभर तिला काही सुचेना. मग एकेक वेटोळं सोडून तिनं हातानं मोजलं. दुकानातल्या बोर्डापासून गल्लीवरून, लिंबाच्या फांदीवरून, छपराच्या कडेवरून, खिडकीतून आत, असं अठरा हात पाहिजे होतं. घरात वापरायची जाड वायर निघाली बारा हात. बाकी सगळी स्पीकरची.

ती बराच वेळ दोन्ही तुकडे मांडीवर घेऊन बसली. देवणीला जाऊन नवी वायर आणता आली असती. पण रविवारी दुकान बंद, सोमवारी लेकरांची वजनं, मंगळवारी मीटिंग. फोनलाच तर लावायची, तीही चार दिवस, असं तिनं मनाशी म्हटलं. आणि सहा हात स्पीकरची वायर पुढं जोडली.

बाकी काम तिनं जीव लावून केलं. एका टोकाला दोन पिनांचा टॉप बसवला. तारा सोलून, पीळ देऊन, स्क्रूखाली आकड्यासारख्या वळवून घट्ट आवळल्या. मधले जोड चार बोटांच्या अंतरानं घेतले, त्यावर काळी टेप तीन-तीन पदर गुंडाळली. दुसऱ्या टोकाचं सॉकेट मोडक्या पाटाच्या फळीवर ठोकलं. घरच्या बोर्डात टॉप घातला, फळीवर चार्जर लावला, आणि फोनवर बॅटरीचं हिरवं चिन्ह उमटलं. घरात कुणी नव्हतं, तरी ती मोठ्यानं हसली.

सोमवारी वायर बघून वीरण्णानं डोकं खाजवलं. "ताई, बैलगाड्या जातात इथून. जरा उंच बांधा."

"लिंबावरून नेते, अण्णा. आणि रोज सुट्टी झाली की काढून ठेवते."

"मग ठीक हाय. माझी ना न्हाई."

पत्र्याची कड धारेची होती. तिथं तिनं पोत्याच्या तुकड्याची घडी घातली आणि त्यावरून वायर आत घेतली. दार लोटून घेतलेल्या खोलीत पहिली बाई बसली ती पुनम. पदर खांद्यावर घेतला, मान वर केली, फोननं सांगितलं तसे डोळे मिचकावले. दुसऱ्या खेपेला चेहरा जुळला. "झालं?" पुनमनं विचारलं. "एवढंच होतं व्हय?" आणि ती लेकरासारखी हसायला लागली. चार दिवसांत आठ बाया झाल्या. मॅडमनी ग्रुपवर अंगठा टाकला.

या सगळ्यात नागुबाई तिच्या बरोबर होती. नागुबाई अंगणवाडीची मदतनीस, साठीला टेकलेली, अंगानं सडसडीत. चौदा वर्षं दोघी एकाच छपराखाली होत्या. श्रीमंत गेला तेव्हा तेरा दिवस उज्वलाच्या घरी भाकरी नागुबाईनं टाकल्या होत्या. उज्वला तिला मावशी म्हणायची. नागुबाई चारचौघांत तिला बाई म्हणायची आणि एकटीला उज्वला.

शुक्रवारी सकाळी वारं होतं. उज्वला आली, वायर बांधली, टॉप घातला. खोलीत शिरताना पोत्याची घडी खाली मातीत पडलेली तिला दिसली. वायर उघड्या पत्र्यावर टेकली होती. उचलून वर सारायची म्हणजे स्टूल पाहिजे, आणि स्टुलावर एक बाई तान्हं लेकरू घेऊन तिची वाट बघत बसली होती. एवढं झालं की ठेवते, असं म्हणून उज्वला आत गेली.

पुढं ही गोष्ट तिनं कुणालाही सांगताना कधी वगळली नाही. मला दिसलं होतं, हे ती आधी सांगायची.

साडेअकराच्या सुमाराला लेकरं खिचडी खाऊन आत बसली होती. तान्ह्या लेकराची आई घरी गेली होती. नागुबाई छपराखाली खिचडीचा मोठा गंज घासत होती. पायाखाली सगळं ओलं. गंज विसळून झाला, आणि उठताना आधाराला म्हणून तिनं ओल्या हातानं पाइप धरला.

ती ओरडली नाही. घशातून एक घोगरा आवाज आला, तेवढाच. लेकरांना वाटलं आजी नक्कल करून राहिली, दोघं-तिघं खिदळली. उज्वलानं दारातून बघितलं. नागुबाईचे डोळे वर गेलेले, सगळं अंग तटतटलेलं आणि हात पाइपाला चिकटलेला. पुढं झेप घ्यायला निघालेली उज्वला जागच्या जागी थांबली. शिवायचं नाही. श्रीमंतनं हे हजारदा सांगितलं होतं. ती मागं वळली, खिडकीतून आलेली वायर दोन्ही हातांनी धरली आणि होतं तेवढं बळ लावून ओढली. पलीकडं दुकानात टॉप बोर्डातून निसटला, वीरण्णाची एक बरणी खाली आली, आणि इकडं नागुबाई ओल्या फरशीवर कोसळली.

"मावशी! ए मावशी!"

श्वास चालू होता. उजव्या तळहातावर आणि दोन बोटांवर चामडी पांढरी पडून आत ओढली गेली होती. वीरण्णा धावत आला. फळीवरची माणसं उठून आली. कुणी पाणी मारलं, कुणी जीप आणायला पळालं. लेकरं आता रडायला लागली होती, त्यांना दारातून मागं सारताना उज्वलाच्या मनात आलं: सुट्टी झाली की हीच लेकरं याच पाइपांना धरून गरागरा फिरत. सुट्टीला थोडकाच वेळ राहिला होता.

जीपमध्ये नागुबाई शुद्धीवर होती. डोकं उज्वलाच्या मांडीवर. देवणी जवळ आलं तसं तिनं डाव्या हातानं उज्वलाची साडी ओढली.

"करंटचं नाव घेऊ नको."

"मावशी, गप पडून राहा."

"ऐक माझं. चक्कर आली, गरम गंजावर हात पडला, असं सांगू. तुझी नोकरी जाईल, उज्वला. तुझ्यामागं कोण हाय?"

उज्वला नको म्हणाली नाही, हे तिला नंतर फार बोचलं. त्या वेळी तिला फक्त हायसं वाटलं होतं.

दवाखान्यात तरुण डॉक्टर होते, बाहेर लांबलचक रांग होती. त्यांनी हात बघितला, विचारलं, नागुबाईनं गंजाचं सांगितलं. डॉक्टरांनी एकदा उज्वलाकडं नजर टाकली. ती भिंतीकडं बघत होती. मलम लावलं, पट्टी झाली, गोळ्या लिहून दिल्या. "घरी न्या. दोन दिवसांनी पट्टी बदलायला या."

दोघी दारापर्यंत आल्या. बाहेर जीप उभी होती. नागुबाई तिच्या खांद्यावर भार टाकून हळूहळू चालत होती, आणि मध्येच थांबून छातीवर हात ठेवत होती.

"काय होतंय?"

"काही न्हाई. धडधड होऊन राहिली जरा."

उदगीरच्या एका लग्नात श्रीमंतच्या एका गड्याला करंट बसला होता. तो उठला, कपडे झटकले, चहा प्याला, थट्टामस्करी केली, आणि दिवस मावळायच्या आत खुर्चीवर बसल्या बसल्या गेला. श्रीमंत त्या दिवशी घरी येऊन जेवला नव्हता. करंट वरून दिसत न्हाई, काळजात बसून राहतो, असं म्हणाला होता.

उज्वलानं नागुबाईला बाकावर बसवलं आणि रांग मोडून परत आत गेली. लोक ओरडले.

"डॉक्टरसाहेब, गंजानं भाजलं न्हाई. करंट लागलाय तिला. पाइपाला चिकटली होती."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "मग मघाशी का नाही सांगितलं?"

"वायर माझी होती. मी केलेली."

पुढचं सगळं भराभर झालं. नागुबाईला आत घेतलं, छातीला पट्ट्या लावून कागद काढला. ठोके अधूनमधून चुकत होते. दोन दिवस ठेवून घेतलं, आणि तिसऱ्या दिवशी ठोके जाग्यावर आले तेव्हा सोडलं. पण दवाखान्याच्या कागदावर विजेचा धक्का असं लिहिलं गेलं होतं, आणि ते लिहिलं गेलं की ते दवाखान्यापुरतं राहत नाही.

मंजुश्री मॅडम सोमवारी आल्या. छप्पर बघितलं, पाइप बघितला, पत्र्यावर जिथं वायर घासून आतली तार उघडी पडली होती तिथला काळा डाग बघितला. त्यांचा चेहरा उतरला होता.

"हे करायला कुणी सांगितलं होतं तुम्हाला?"

"कुणी न्हाई, मॅडम."

"मग मला फोन करायचा. मी काहीतरी बघितलं असतं."

उज्वलानं पेटी उघडली आणि तिन्ही अर्जांच्या प्रती त्यांच्यापुढं ठेवल्या. मॅडमनी त्या वाचल्या, घडी घातली, पर्समध्ये ठेवल्या. त्यांच्या हाताखाली अशा वीस-पंचवीस अंगणवाड्या होत्या. "जबाब लिहून द्या," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "जपून लिहा."

उज्वलानं जपून लिहिलं नाही. वायर कोणती, किती हात, कुठं जोडली, स्पीकरची घेऊ नका म्हणून मल्लेशनं सांगितलं होतं हेही, आणि पोत्याची घडी पडलेली दिसली होती हेही. वीरण्णाचं नाव तेवढं एका ओळीत, विनंतीवरून बोर्ड वापरू दिला, असं. तरी वीरण्णा त्यानंतर तिच्याशी तुटकच बोलू लागला. साखर मोजून द्यायचा, मान खाली. पोलिसांनी आपल्याला विचारलं तर काय सांगायचं याचाच घोर त्याला लागला होता.

नागुबाईचा मुलगा शिवलिंग अंगणवाडीच्या दारात उभा राहून बोलून गेला. "माय भोळी हाय म्हणून तिला कामाला जुंपलं, वरून मारायला निघालता का?" लेकरांसमोर बोलला. उज्वलानं ऐकून घेतलं. त्यात तिला खोडून काढता येण्यासारखं काही सापडलं नाही.

शिवलिंगचं बोलणं तिनं सोसलं. नागुबाईचं बोलणं जड गेलं. ती भेटायला गेली तेव्हा नागुबाई बाजेवर भिंतीकडं तोंड करून पडली होती.

"मी तुझ्यापायी डॉक्टरसमोर खोटं बोलले," ती वळून न बघता म्हणाली. "आणि तू जाऊन मलाच खोटी पाडलीस. सगळा दवाखाना बघून राहिला होता माझ्याकडं."

"मावशी, तुमच्या काळजाचं..."

"मेले असते तर मेले असते. साठ वर्षं झाली की."

उज्वला आणलेली केळी बाजेखाली ठेवून परत आली.

नोटीस आली. उत्तर दिलं. चौकशी होईल असं पत्र आलं, ती कधी होईल ते त्यात नव्हतं. महिनाअखेरीला उरलेली दोन नावं गेली. आणि अपघातानंतर आठव्याच दिवशी लाइनमन शिडी घेऊन आला, खांबावर चढला आणि अर्ध्या तासात लाइट जोडून गेला. पंखा फिरला तशी लेकरांनी टाळ्या वाजवल्या. उज्वला बाहेर जाऊन उभी राहिली. तिला तो पंखा बघवेना.

त्या महिन्यात ती एकटीनं खिचडी शिजवायची, गंज घासायची, लेकरं सांभाळायची. पाइपाला मल्लेशनं येऊन रंग दिला होता, तरी लेकरं तिथं गेली की तिचा आवाज फाटायचा. एकदा तिनं एका पोरीला पाइप धरला म्हणून धपाटा घातला. सतरा वर्षांच्या नोकरीत तिनं लेकराला कधी हात लावला नव्हता. त्या दिवशी तिनं पोरीच्या घरी जाऊन माफी मागितली. पोरीची आई पुनमची जाऊ होती. "असू द्या बाई," ती म्हणाली, पण दुसऱ्या दिवशी पोरगी आली नाही.

दीड महिन्यानं एका सकाळी नागुबाई आली. कुणी बोलावलं नव्हतं. शिवलिंगला सांगून आली की न सांगता, ते तिनं सांगितलं नाही. उजव्या हाताची दोन बोटं आत वळून राहिली होती, ती उघडत नव्हती. तिनं झाडू डाव्या हातात घेतला आणि खोली झाडायला लागली. उज्वलानं तो घ्यायला हात पुढं केला, तर तिनं पाठ फिरवली.

झाडता झाडता तिचे केस सुटले. ती खाली बसली, एका हातानं बुचडा बांधायला बघू लागली. एकदा केलं, सुटलं. दुसऱ्यांदा केलं, सुटलं. लेकरं बघत होती. उज्वला मागं जाऊन बसली आणि तिनं केस हातात घेतले. नागुबाईनं मान आखडून धरली, पण ती उठली नाही. पांढरे, विरळ केस. उज्वलानं ते बोटांनी विंचरले, पीळ दिला, आकडा खोचला.

"ढिला झाला," नागुबाई म्हणाली.

उज्वलानं आकडा काढला आणि परत बांधायला घेतलं.